मानेमागची गाठ काढली, रिपोर्टमध्ये ‘स्पिंडल सेल लायपोमा’ आलंय. पुढच्या तपासण्या करायच्या का?

सावईची लेक

नमस्कार मंडळी. बाबांच्या बायोप्सी रिपोर्टबद्दल विचारायचंय. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

बाबा ६१ वर्षांचे. गोव्यात सावई-वेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग आहे, अजूनही रोज स्वतः उतरतात. साखर आहे, गोळीवर आटोक्यात. मानेच्या मागे, केसांची रेघ संपते तिथून जरा खाली, डाव्या अंगाला त्यांना बरीच वर्षं गाठ होती. दुखणंखुपणं काही नाही. केस कापणाऱ्याच्या हाताला ती पहिल्यांदा लागली. बाबांचं ठाम मत, खांद्यावरून नारळाची पोती वाहून वाहून आली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चाचपून बघितलं, चरबीची गाठ आहे, त्रास नसेल तर राहू द्या म्हणाले. राहू दिली.

गेल्या चवथीला, गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वरची फळाफुलांची माटोळी बांधताना मान वर करून उभं राहणं त्यांना अवघड जायला लागलं. शर्टाची कॉलरही घासायची. म्हणून सर्जनकडे गेलो. त्यांनी एमआरआय सांगितला आणि तिथून आमची झोप उडाली. त्यात लिहिलं होतं: ४.८ सेंटिमीटरची गाठ, त्वचेखालच्या चरबीत, स्नायूंच्या वर. आत चरबी आहे, पण चरबी नसलेले भागही आहेत आणि ते कॉन्ट्रास्ट (तपासणीच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) घेतात. लायपोसार्कोमा (चरबीचा कॅन्सर) नाकारता येत नाही. ते वाचून आईने देव पाण्यात घातले.

ऑपरेशन झालं, गाठ सबंध निघाली, टाके सुकले. आता बायोप्सीचा रिपोर्ट हातात आहे. त्यात ‘स्पिंडल सेल लायपोमा’ असं निदान दिलंय आणि खाली एक ओळ: ‘सीडी३४, एस१००, आरबी आणि एमडीएम२ या आयएचसी तपासण्या करून खात्री करावी.’ सर्जन म्हणतात, गाठ साधी होती, निघाली, विसरून जा. भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो तपासण्या लिहिल्यात म्हणजे त्यांनाच शंका आहे, सरळ मुंबईला घेऊन चला. बाबा म्हणतात मला कुठेही यायचं नाही, सुपारी काढणीला आलीय.

मी नेटवर वाचत बसले तर आणखी एक भलतंच निघालं. आरबी जीन म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरचा जीन म्हणे. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. बाबांना तो दोष असेल तर तिचे डोळे तपासून घ्यायचे का? कुणाला माहिती असेल तर कृपा करून सांगा.


म्हापशाची सून

ताई, घाबरू नका. माझ्या यजमानांची गाठ अगदी त्याच जागी होती आणि रिपोर्टमध्ये हेच नाव आलं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी तेव्हा एवढंच सांगितलं होतं की परत काही हाताला लागलं तर या. काही लागलं नाही. आमच्या रिपोर्टमध्ये पुढच्या तपासण्या लिहिलेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्याबद्दल मला सांगता येणार नाही. पण बाबांना रोज रोज त्यावरून विचारू नका, माणूस उगाच खचतो.


स्लाइडबॉक्स

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शिकले बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, आता मडगावात लॅबमध्ये बसते. बाबांची स्लाइड मी पाहिलेली नाही, तेव्हा निदान मी देणार नाही. हे निदान ठरतं कसं ते सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी नातीचं. तिचे डोळे यासाठी तपासायची गरज नाही. आरबी१ हा जीन १३ नंबरच्या गुणसूत्रावर असतो. डोळ्यांच्या त्या आनुवंशिक आजारात बिघडलेला जीन जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो. स्पिंडल सेल लायपोमात तो भाग हरवतो तो फक्त गाठीतल्या पेशींमध्ये, आणि तोही आयुष्यात पुढे कधीतरी. बाबांच्या रक्तात, बाकीच्या शरीरात जीन जागच्या जागी असतो. गाठ काढली की तो बिघाड गाठीबरोबर गेला. तुमच्यापर्यंत तो पोचलेला नाही, मग तुमच्या मुलीपर्यंत कुठून पोचणार? आज रात्री निवांत झोपा.

आता गाठीचं. स्पिंडल सेल लायपोमा हा कॅन्सर नाही. तो दुसरीकडे पसरत नाही आणि नीट काढला तर परत येणं क्वचितच. एन्झिंगर आणि हार्वी यांनी १९७५ साली अशा ११४ गाठी अभ्यासून हा प्रकार वेगळा मांडला. रुग्ण बहुतेक पुरुष, वय ४५ ते ६४ च्या आसपास, जागा खांदा नाहीतर मानेची मागची बाजू. तुमच्या बाबांचं वर्णन त्या चौकटीत जवळपास तंतोतंत बसतं. बायकांमध्ये होतो, चेहऱ्यावर किंवा तोंडातही सापडतो, पण कमी. आणि हो, पोती वाहून ही गाठ येत नाही. बाबांना हे जरूर सांगा, नाहीतर उरलेलं आयुष्य कुळागराला दोष देत राहतील.

स्लाइडवर काय दिसतं ते सांगते. साध्या लायपोमात, म्हणजे नेहमीच्या चरबीच्या गाठीत, पूर्ण वाढलेल्या चरबीच्या पेशी सोडून फारसं काही नसतं. प्रक्रियेत अल्कोहोल आणि झायलीनमधून जाताना त्यातली चरबी विरघळून जाते, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली त्या रिकाम्या गोल खोल्या दिसतात, कडेला दाबून बसलेला बारीक केंद्रक. स्पिंडल सेल लायपोमात या खोल्यांच्या मधे दुसऱ्या पेशी येतात: लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, एकसारख्या, एकमेकींना समांतर लागलेल्या. विभाजन जवळजवळ नसतं. त्यांच्यामधून कोलॅजनचे जाड, गुलाबी, दोरखंडासारखे पट्टे जातात, मागे बऱ्याचदा पातळ, जेलीसारखा निळसर भाग असतो, आणि मास्ट सेल नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी विखुरलेल्या असतात. हे पट्टे, या पेशी आणि चरबी एकत्र दिसली की अनुभवी माणूस पहिल्या नजरेतच नाव घेतो.

अडचण अशी की तिन्हींचं प्रमाण गाठीगाठीत बदलतं. एखाद्या गाठीत चरबी भरपूर आणि लांबट पेशी मोजक्या, तर दुसरीत चरबी शोधावी लागते. अगदी चरबी नसलेल्या स्पिंडल सेल लायपोमाही असतात, आणि तिथे भले भले अडतात. याच कुटुंबातला दुसरा प्रकार प्लिओमॉर्फिक लायपोमा. त्यात मोठ्या, अनेक केंद्रकं कडेने गोल मांडलेल्या पेशी असतात. बघताना भयंकर वाटतात, पण वागणूक तितकीच सौम्य.

एमआरआयचंही हेच. मशीनला चरबी आणि चरबी नसलेला भाग एवढंच कळतं. साध्या लायपोमात सगळी चरबी असते. बाबांच्या गाठीत लांबट पेशींचा आणि जेलीचा भाग होता, तो चरबी नसलेला दिसला आणि त्याने कॉन्ट्रास्ट घेतला. विशिष्ट प्रकारच्या लायपोसार्कोमातही असंच चित्र दिसतं, म्हणून रेडिओलॉजिस्टने ते वाक्य लिहिलं. त्यांनी लिहिलं ते बरोबरच लिहिलं. पण त्याच रिपोर्टमध्ये ‘त्वचेखालच्या चरबीत, स्नायूंच्या वर’ हेही लिहिलंय, आणि माझ्या दृष्टीने ते वाक्य जास्त मोलाचं. चरबीचा कॅन्सर मुख्यतः खोलात होतो, मांडीच्या स्नायूंमध्ये किंवा पोटाच्या मागच्या पोकळीत. साठीच्या पुरुषाच्या मानेमागे, त्वचेखाली, वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली गाठ म्हटली की पॅथॉलॉजिस्टच्या डोक्यात आधी हे नाव यायला हवं.

म्हणून मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. लॅबला गाठीबरोबर जो फॉर्म गेला त्यावर काय लिहिलं होतं? आणि बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये निदानाच्या वर गाठीचं नुसत्या डोळ्यांनी केलेलं वर्णन असतं, ते काय आहे?


डिचोलीकर

मी वैद्य नाही, पण आमच्याकडे गाठीवर लेप लावून ती बसवणारे आहेत. माझ्या मामांना गुण आला होता. कापाकापी टाळली असती तर हा सगळा घोर लागलाच नसता असं माझं प्रामाणिक मत.


सावईची लेक

डॉक्टर, तुमचे उपकार कसे मानू. मुलीबद्दलचं वाचून रडूच आलं.

फॉर्मची झेरॉक्स फाइलमध्ये सापडली. त्यावर बाबांचं नाव, वय आणि ‘मान, सूज, लायपोमा?’ एवढंच आहे. मागची बाजू की पुढची, काही नाही. एमआरआय झाल्याचाही उल्लेख नाही. गाठ काढल्यावर नर्सने प्लास्टिकची बरणी माझ्याच हातात दिली होती, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. बरणी लहान होती, गाठ तिच्यात दाबून बसवल्यासारखी दिसत होती आणि औषधाचं पाणी जेमतेम वर आलेलं. लॅबमधल्या मुलाने पावती दिली, आणखी काही विचारलं नाही.

वर्णनात लिहिलंय: ‘अंडाकृती, आवरण असलेली गाठ, ५ × ३.५ × २.५ सेंटिमीटर. कापल्यावर पिवळट, मधे करडे-पांढरे चकाकणारे भाग. कडा मोकळ्या.’


स्लाइडबॉक्स

वर्णन वाचून बरं वाटलं. पिवळ्यात करडे-पांढरे चकाकणारे भाग ही या गाठीची नेहमीची ओळख. ‘कडा मोकळ्या’ म्हणजे कापलेल्या बाजूपर्यंत गाठ पोचलेली नाही. सर्जनने काम चोख केलंय.

फॉर्मबद्दल मात्र मला बोलावंच लागेल. हे तुमच्या एकटीच्या बाबतीत झालेलं नाही. माझ्या टेबलावर रोज असे फॉर्म येतात: ‘सूज’, ‘गाठ’, ‘मान’. मान म्हणजे काय? पुढची मान म्हटली तर थायरॉइड. बाजूची म्हटली तर लिम्फ नोड, आणि आपल्याकडे तिथे टीबी आधी आठवावा लागतो. जबड्याखालची म्हटली तर लाळेची ग्रंथी. मागची म्हटली तर हे सगळं बाजूला पडतं आणि वेगळीच यादी उघडते. मऊ ऊतींच्या गाठींमध्ये माणसाचं वय, पुरुष की बाई, जागा आणि खोली हे चार शब्द कळले तर निम्मं काम झालं. ते लिहायला सर्जनला अर्धं मिनिट लागतं. ते न लिहिल्यामुळे पॅथॉलॉजिस्टला शंका घेत बसावं लागतं, शंकेपोटी चार तपासण्या लिहाव्या लागतात, आणि त्याचे पैसे आणि रात्रीची जागरणं तुमच्या वाट्याला येतात. मला याचा मनापासून राग येतो. तुमच्या रिपोर्टमधली ती शेवटची ओळ पॅथॉलॉजिस्टला निदानाबद्दल खात्री नाही म्हणून आली की जागाच माहीत नाही म्हणून, हे मी इथून सांगू शकत नाही, पण दुसरी शक्यता मला दाट वाटते.

बरणीचंही सांगून ठेवते, इथे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. फॉर्मलिन, म्हणजे ते औषधाचं पाणी, गाठीच्या निदान दहापट हवं आणि बरणीचं तोंड रुंद हवं. चरबीत फॉर्मलिन सावकाश शिरतं. दाबून भरलेली चरबीची गाठ बाहेरून घट्ट आणि आतून कच्ची राहते, मग तिचे ३-४ मायक्रॉनचे काप पाण्यावर ठेवताच विस्कटतात. बरणी नातेवाइकांच्या हाती देण्याची पद्धत सगळीकडे आहे. दिलीच, तर लॅबमध्ये देताना सांगा की ही अमुक जागची गाठ आहे आणि एमआरआयचा कागद सोबत जोडा. कुणी विचारलं नाही तरी सांगा.

डिचोलीकर, तुमचं मत प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. लेपाने बसते ती सूज, पू किंवा गळू. स्पिंडल सेल लायपोमा लेपाने बसत नाही. आणि गाठ काढून स्लाइडवर पाहिल्याशिवाय ती कोणती हे चाचपून कुणालाच नक्की सांगता येत नाही, मलाही नाही.

आता तपासण्या. आयएचसी म्हणजे गाठीचे तुकडे ज्या मेणात बसवून ठेवलेत त्याच ब्लॉकमधून नवे काप काढून त्यांवर अँटिबॉडी टाकायची. ती अँटिबॉडी ज्या प्रथिनासाठी आहे ते ज्या पेशीत असेल ती तपकिरी रंगते, बाकीच्या निळ्या दिसतात. बाबांना परत सुई नाही, रक्त नाही, प्रवास नाही. ब्लॉक लॅबमध्ये पडलेलाच आहे.

सीडी३४ या गाठीतल्या लांबट पेशींमध्ये ठळक तपकिरी येतो. पण तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण सीडी३४ दाखवणाऱ्या गाठी पुष्कळ. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर दाखवतो, त्याला स्टॅट६ या दुसऱ्या आयएचसी तपासणीने वेगळं काढतात. डर्मॅटोफायब्रोसार्कोमा दाखवतो, पण तो त्वचेतून खाली चरबीत घुसतो, असा गोल आवरणात बसत नाही. मानेमागचाच नुकल-टाइप फायब्रोमाही दाखवतो. तो मधुमेह असलेल्यांमध्ये जास्त आढळतो म्हणून मी तुमच्या बाबांच्या साखरेचा उल्लेख वाचून क्षणभर थांबले होते. पण त्यात पेशी फार थोड्या आणि कोलॅजनचा नुसता राडा, तो घट्ट आणि पांढरा असतो, कडाही स्पष्ट नसतात. तुमच्या रिपोर्टमधलं वर्णन त्याच्याशी जुळत नाही. एस१०० मज्जातंतूच्या गाठींसाठी. इथे चरबीच्या पेशी एस१०० ला रंगतील, लांबट पेशी रंगायला नकोत. रिपोर्टमध्ये ‘एस१०० पॉझिटिव्ह’ एवढंच वाचून दचकू नका, कोणत्या पेशीत ते बघा.

आरबी ही माझ्या मते यातली सगळ्यात बोलकी तपासणी, कारण जीन हरवला की त्याचं प्रथिनही नसतं, म्हणून इथे रंग न येणं हा पुरावा असतो. आणि रंग न येण्याचं कारण अँटिबॉडी चाललीच नाही हेही असू शकतं. त्यामुळे मी त्या स्लाइडवर आधी रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर शोधते. त्याची केंद्रकं आणि आजूबाजूचे लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) तपकिरी दिसले की कळतं, तपासणी नीट चालली. मग शेजारच्या लांबट पेशींकडे वळते. त्या निळ्याच राहिल्या असतील, एकही तपकिरी नसेल, तर आरबी हरवलंय. एकाच नजरेच्या टप्प्यात तपकिरी वाहिनी आणि तिच्याभोवती निळ्या पेशी, असं दिसलं की मला पुढे फारसं विचारावं लागत नाही.

एमडीएम२ ची गरज मला तुमच्या बाबतीत कमी वाटते. विशिष्ट प्रकारच्या लायपोसार्कोमात १२ नंबरच्या गुणसूत्रावरच्या एमडीएम२ आणि सीडीके४ या जीनच्या अनेक प्रती झालेल्या असतात. गाठ खोल असती, फार मोठी असती किंवा पेशी वेड्यावाकड्या असत्या तर मी ती आधी केली असती. तरी एमआरआयमध्ये ते वाक्य आहे आणि भावाचं समाधान व्हायचंय, तर करून घ्या. एक लक्षात ठेवा: मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या सफाई करणाऱ्या साध्या पेशीही एमडीएम२ ला थोड्या रंगतात. तुरळक रंग आला म्हणून कॅन्सर ठरत नाही. शंका राहिलीच तर फिश नावाच्या तपासणीत जीनच्या प्रती प्रत्यक्ष मोजतात.

आणखी एक नाव तुमच्या वाचनात येईल, म्हणून आधीच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात ‘अटिपिकल स्पिंडल सेल लायपोमॅटस ट्यूमर’ असा वेगळा प्रकार आलाय. त्यातही आरबी हरवू शकतं. फरक असा की त्याच्या कडा अस्पष्ट असतात, पेशी जरा बेढब असतात आणि पुरता निघाला नाही तर तो परत येऊ शकतो. तुमच्याकडे आवरण आहे आणि कडा मोकळ्या आहेत.

तेव्हा माझा सल्ला: मुंबईचं तिकीट आधी काढू नका. एमआरआयचा रिपोर्ट आणि एका कागदावर ‘मानेच्या मागे, डावीकडे, त्वचेखाली, इतकी वर्षं, हळूहळू वाढली’ असं लिहून त्याच लॅबमध्ये जा आणि ज्यांनी सही केलीय त्या पॅथॉलॉजिस्टना भेटा. काउंटरवर नाही, त्यांना. आम्ही माणसांना भेटतो. बहुतेक लोकांना वाटतं आम्ही मशीनमागे लपलेलो असतो.


पेडणेकर

या धाग्यातच विचारतो, माफ करा. माझ्या थोरल्या भावालाही मानेमागे गाठ आहे, बरीच वर्षं, वय ५०. तो डॉक्टरकडे जायलाच तयार नाही. सुई घालून तपासणी केली तर पुरेल का? ऑपरेशनला तो नाहीच म्हणेल.


स्लाइडबॉक्स

पेडणेकर, सुईच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, थोडी चरबी आणि थोड्या लांबट पेशी येतात. टीबीचा लिम्फ नोड किंवा पूवाली गाठ ओळखायला ती उत्तम. पण चरबीच्या गाठीत सुई जिथे शिरली तिथलंच कळतं. नुसती चरबी आली तर आम्ही लायपोमा लिहितो आणि शेजारी काय होतं ते राहून जातं. तरी सुरुवात म्हणून डॉक्टर सांगतील ते करू द्या.

गाठ कित्येक वर्षं तेवढीच आहे, मऊ आहे, त्वचेखाली सरकते, तर घाई नाही, पण एकदा दाखवा. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, काही महिन्यांत झपाट्याने वाढली, खाली चिकटल्यासारखी हलत नाही, किंवा हाताला मुंग्या येतात, तर आठवडाभरसुद्धा थांबू नका. साखर असेल आणि गाठ लाल, गरम, ठणकणारी असेल तर ते काळपुळीचं लक्षण, त्यासाठी त्याच दिवशी जा. भावाला सांगा की त्वचेखालची अशी गाठ बऱ्याचदा जागा बधिर करूनच काढतात आणि माणूस संध्याकाळी घरी येतो. आणि घरात आणखी कुणाला अशा गाठी आहेत का तेही विचारा. क्वचित काही घरांतल्या पुरुषांना अनेक स्पिंडल सेल लायपोमा होतात.


सावईची लेक

कळवायला उशीर झाला. त्या लॅबमधल्या डॉक्टरांना भेटले. एमआरआय बघून त्या म्हणाल्या, हे आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आमच्यासमोर स्लाइड पुन्हा लावली आणि मलाही बघू दिली. ते गुलाबी पट्टे मी पाहिले. सीडी३४ पॉझिटिव्ह, आरबी लांबट पेशींमध्ये हरवलेलं आणि ‘रक्तवाहिन्यांमध्ये शाबूत’ असं त्यांनी खास लिहिलंय. एमडीएम२ निगेटिव्ह. सुधारित रिपोर्टमध्ये ‘मानेची मागची बाजू’ असं आलंय. सर्जनना दाखवला, ते म्हणाले सहा महिन्यांनी एकदा येऊन दाखवा, बस.

भावाचं मात्र अजून अडलंय. तो म्हणतो परळच्या टाटा मेमोरियलमध्ये एकदा दाखवूच, मनाची खात्री. बाबा यायला तयार नाहीत. बाबांशिवाय होतं का?


स्लाइडबॉक्स

वाचून फार आनंद झाला. ‘रक्तवाहिन्यांमध्ये शाबूत’ लिहिणाऱ्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

दुसरं मत मागणं हा तुमचा हक्क आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. त्यासाठी बाबांना न्यायची गरज नाही, टाटामध्ये स्लाइड आणि ब्लॉक तपासून मत देतात. लॅबकडे लेखी अर्ज करून स्लाइड आणि ब्लॉक मागा. ते देताना नंबर लिहून सही घेतील, तुम्हीही नंबर रिपोर्टशी ताडून घ्या. आयएचसीच्या स्लाइडही मागा, नाहीतर तिथे त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा भरावे लागतील. सोबत बायोप्सीचे दोन्ही रिपोर्ट, एमआरआयचा रिपोर्ट आणि एमआरआयच्या चित्रांची डिस्क ठेवा.

स्लाइड काचेच्या असतात, त्या स्लाइडच्या डबीतच घालून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो आणि ते मेण साठीच्या आतल्या तापमानाला वितळतं, तेव्हा उन्हात लावलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. भाऊ घरी येणार असेल तर त्याच्या हाती, हातातल्या बॅगेत द्या. काम झाल्यावर ब्लॉक तिथून परत मागून घ्या आणि आपल्या लॅबला परत करा.